सात लाओदिके, नोंद एक

लाओदिके नावाच्या बाईने आपलं काहीही वाकडं केलेलं नाही, हे धाकट्याने पुढे स्वच्छ कबूल केलं. जे वाकडं झालं ते त्याने स्वतः, पट्टी घेऊन, सरळ रेषेत केलं होतं.

धाकटा हा घरात एकुलता एक. तो धाकटा झाला नाट्यगृहात. तिथे त्याच्याच नावाचे, त्याच्याच आडनावाचे, अगदी वडिलांच्या नावापर्यंत तंतोतंत जुळणारे एक सुतार छत्तीस वर्षं नोकरीला होते. पहिल्याच दिवशी हजेरीपुस्तकात त्यांच्या रकान्यात धाकट्याने सही ठोकली. सुतार म्हणाले, "ही माझी जागा आहे." धाकटा म्हणाला, "हे माझं नाव आहे." दोघंही खरं बोलत होते, त्यामुळे भांडण मिटेना. शेवटी कपडेपट सांभाळणाऱ्या मावशी वर आल्या, दोघांकडे एकेकदा बघितलं आणि म्हणाल्या, "हे थोरले, तू धाकटा. आता कामाला लागा." निकाल लागला. त्यावर अपील नव्हतं.

रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात पास झालेला मुलगा नाटकवाल्यांचे कपडे मोजायला का गेला, हा प्रश्न त्यांच्या इमारतीच्या तीन मजल्यांवर विचारला गेला. उत्तर साधं होतं. जागा निघाली होती. कपडेपटात चाळीस वर्षांचे पोशाख, मुकुट, बूट आणि लाकडी तलवारी साठल्या होत्या आणि त्यांची यादी कुणी केलेली नव्हती. सहा महिन्यांत यादी करायची. मुख्य कार्यालयाने ती मंजूर केली की माणूस कायम, नाही केली की नमस्कार. ही अट वडिलांनाही माहीत होती. पण शेजाऱ्यांना बातमी देताना वडिलांनी 'तात्पुरती' हा शब्द खोकल्यात घालवला होता. परिणामी समोरच्या काकूंनी मुली सुचवायला सुरुवात केली, आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर जिन्यात दिसले की "काय, कायमसाहेब" अशी हाक मारू लागले. ही हाक ऐकली की धाकट्याला आपण कुणाच्या तरी नावाचं पार्सल चोरून वापरत असल्यासारखं वाटे.

कपडेपटाची खोली रंगमंचाच्या मागे, अर्धा जिना खाली होती. लांबलचक आणि ठेंगणी. खिडक्यांतून रस्त्यावरच्या लोकांचे फक्त बूट दिसत. डांबरगोळ्या, इस्त्रीची वाफ आणि जुना घाम यांचं एक पक्कं मिश्रण तिथे तयार झालं होतं, आणि धाकट्याने पहिल्या आठवड्यात त्याचं मनातल्या मनात विश्लेषणही केलं होतं. पोशाख लोखंडी नळ्यांवर टांगलेले असत. कुठल्या क्रमाने, ते मात्र त्याला कळेना.

"नाटकाप्रमाणे," मावशी म्हणाल्या. "आणि नाटकात जो आधी येतो तो दाराजवळ. शेवटी मरणारे भिंतीशी."

"आणि मधे मरणारे?"

"मधे."

प्रत्येक पोशाखाच्या गळपट्टीला आतून मावशींनी कापडी चिठ्ठी शिवलेली होती. तिच्यावर पात्राचं नाव असे, पण त्याखाली जे असे ते धाकट्याच्या शास्त्रीय मनाला सोसेना. 'तापट. दुसरा अंक.' 'रडवा. पहिला आणि चौथा.' एका सेनापतीच्या अंगरख्यावर तर 'बोलतो फार, लढत नाही' असं लाल दोऱ्यात काढलेलं होतं.

"मावशी, हे वर्गीकरण नाही. हे मत झालं."

"मग? कपडा अंगात घालायचा असतो, बाळा. कुणाच्या अंगात काय यायचं आहे ते माहीत नको?"

धाकट्याने यावर वाद घातला नाही. त्याने कागद आखले. चार महिने तो रोज नऊ ते सहा प्रत्येक वस्तू खाली काढून, मोजून, नमुना सात-ब मध्ये पात्राच्या नावानिशी लिहीत गेला. क्रमांक एकशे सतरापर्यंत सगळं सुरळीत होतं. एकशे अठराला लाओदिके आली.

एकशे एकोणीसलाही लाओदिकेच आली. मग एकशे वीस. एकंदर सात चिठ्ठ्या निघाल्या: तीन पोशाख, दोन मुकुट, एक लांब जाळीदार ओढणी आणि एक डावा बूट.

"ही बाई आहे तरी कोण?" त्याने विचारलं.

"कुठली? तशा बऱ्याच आहेत." मावशींनी लाल पोशाख खाली काढला. "ही ऑपेरातली. नवऱ्याला विष घालते. हा बघ आतला खिसा, कुपीचा. आणि पाठीला नाड्या, कारण बाईला गाताना छाती फुगवायची असते. घट्ट शिवलं तर वरचा सूर निघत नाही." जांभळ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ही नाटकातली. राजकन्या. तिसऱ्या अंकात धरणी हिला पोटात घेते. घेर उचलून बघ."

धाकट्याने उचलला, आणि त्याचा खांदा खाली आला. घेराच्या रुपेरी काठात शिशाच्या गोळ्या शिवलेल्या होत्या आणि कमरेशी एक लोखंडी कडी होती.

"रंगमंचातल्या झडपेतून खाली जाताना घेर वर फुगतो," मावशी म्हणाल्या, "आणि राजकन्येची अब्रू जाते. म्हणून वजन."

"हवेचा दाब," धाकटा म्हणाला.

"अब्रू," मावशी म्हणाल्या. "आणि ही हिरवी वस्तुसंग्रहालयाची. पुराणकाळाचं प्रदर्शन असलं की ते मागून नेतात. चांगली बाई होती म्हणे. साधा पोशाख आहे, खिसाबिसा काही नाही."

धाकट्याला कुतूहलाचा जुना आजार होता. त्याने सार्वजनिक वाचनालयात दोन रविवार घालवले आणि थक्क झाला. प्राचीन ग्रीक राजघराण्यांत मुलीचं नाव ठेवायला कुणी फारसा विचार करत नसावं. आई लाओदिके, लेक लाओदिके, सून आणली तर तीही लाओदिके. एकीने नवऱ्याला विष दिलं असं जुने इतिहासकार सांगतात. दोन पिढ्यांनी त्याच घरात आलेल्या दुसरीने गरीब मुलींच्या लग्नासाठी धान्य दिलं; तिचं ते पत्र दगडावर कोरलेलं सापडलं आहे. तिसऱ्या कुठल्याशा राज्यातली एक स्वतःच्या पाच मुलांच्या जिवावर उठली म्हणतात. त्याच्या कितीतरी आधी, पडलेल्या ट्रॉय शहराच्या कथेत एक राजकन्या जमिनीत गडप झाली ती वेगळी. मग शेकडो वर्षांनी नाटकं लिहिणारे आणि ऑपेरा रचणारे आले, त्यांना राणीसाठी एक भारदस्त नाव हवं होतं, आणि त्यांनी हात घालून हेच काढलं.

"एवढ्या सगळ्या एकाच नावाच्या?" आई ताट मांडताना म्हणाली. "हाक मारली की सगळ्याच ओ देत असतील."

"किंवा कुणीच देत नसेल," वडील म्हणाले. "कामाची वेळ असली तर."

यादी मुख्य कार्यालयाला गेली आणि दोन आठवड्यांनी परत आली. सोबत पत्र होतं. 'क्रमांक ११८ ते १२४ या नोंदी दुबार आहेत. दुबार नोंदी काढून यादी फेरसादर करावी.'

धाकट्याने दोन पानी खुलासा लिहिला. त्यात वंशावळ काढली, तळटीपा दिल्या, विषप्रयोग, धान्यदान आणि धरणीप्रवेश हे एकाच स्त्रीच्या हातून होणं का अशक्य आहे ते मुद्देसूद मांडलं. आठ दिवसांत उत्तर आलं. 'खुलासा वाचला. सदर महिला एकापेक्षा अधिक वेळा मृत झाल्याचे आपल्याच खुलाशावरून दिसते. सबब नोंद एकच ठेवावी.'

हे पत्र घेऊन तो जिना चढत असताना पोस्टमास्तरांनी त्याला गाठलं. एखादा माणूस सरकारी लिफाफा हातात धरून चालला आहे आणि ते नुसते बघत उभे आहेत, हे शक्यच नव्हतं.

"यात काय एवढं," ते पत्र वाचून म्हणाले. "माझ्या हद्दीत एकाच नावाचे चार इसम होते. मी सगळं टपाल पहिल्याला द्यायचो. तो फोडून बघायचा, आपलं नसेल तर दुसऱ्याला द्यायचा."

"आणि दुसरा?"

"दुसरा तिसऱ्याला. चौथ्याला सगळ्यांचं सगळं माहीत असायचं. सुखी माणूस."

समोरच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "अरे, नंबर घाल की. लाओदिके एक, लाओदिके दोन. आमच्याकडे दोन जाऊबाई एकाच नावाच्या, आम्ही पहिली आणि दुसरी असंच म्हणतो. दुसरी रागावते, पण काम होतं."

धाकट्याने नंबर घातले. पत्र आलं: 'नावाच्या रकान्यात अंक चालत नाहीत.'

आता सहा महिन्यांतले पाच संपले होते. मावशी लेकीच्या बाळंतपणासाठी महिन्याच्या रजेवर गेल्या होत्या. जाताना त्या म्हणाल्या होत्या, "मी येईपर्यंत मोज, लिही, काय वाटेल ते कर. फक्त हलवू नकोस." धाकट्याने त्या वाक्याचा खूप विचार केला आणि ते एक मत आहे असं ठरवलं.

त्याने नियम केला. एक नाव, एक क्रमांक, एक जागा. सातही नोंदी एकशे अठरामध्ये आल्या. तीन पोशाख एका नळीवर, आणि नळीवर काहीतरी क्रम हवा म्हणून इंद्रधनुष्याच्या क्रमाने: जांभळा, हिरवा, लाल. नव्या क्रमांकाशेजारी जुन्या चिठ्ठ्या गोंधळ करतील म्हणून त्याने छोट्या कात्रीने त्या एकेक उसवल्या. उसवून मात्र फेकल्या नाहीत. एका लिफाफ्यात घालून लिफाफ्यावर 'मते' असं लिहिलं.

व्यवस्थापकसाहेब स्वतः खाली आले. सरळ रांगा बघून त्यांचे डोळे भरून आले असावेत, किंवा डांबरगोळ्यांमुळेही असेल. मुख्य कार्यालयाने यादी मंजूर केल्याची तार त्यांच्या हातात होती. 'दुबार नोंदी शून्य. पद्धत अनुकरणीय.'

"महिनाअखेरीला तुझं पत्र," ते म्हणाले. "आणि ही पद्धत आम्ही आता वर कार्यालयात लावतोय. सेवापुस्तकांना. तिथेही भयंकर दुबार आहे."

धाकटा लाजला. त्या संध्याकाळी पोस्टमास्तरांच्या "कायमसाहेब"ला त्याने पहिल्यांदा ताठ मानेने ओ दिली.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात नाट्यगृहाने प्राचीन इतिहासाचा कार्यक्रम ठेवला होता. शुक्रवारी ऑपेरा, शनिवारी नाटक, रविवारी वस्तुसंग्रहालयाच्या प्रदर्शनाचं उद्घाटन. मागणीच्या तीन चिठ्ठ्या आल्या. तिन्हींवर एकच मजकूर होता: 'लाओदिके, पूर्ण पोशाख, नग एक.' धाकट्याने त्या क्रमाने लावल्या आणि नळीवरून क्रमाने द्यायचं ठरवलं. शुक्रवारी जांभळा गेला.

तो बसला, हेच दुर्दैव. तीन इंच जरी कमी पडला असता तरी ऑपेराच्या मुख्य गायिकेने तो परत पाठवला असता. पण गायिका भारदस्त, पोशाख भारदस्त, दोघांचं एका मिनिटात जमलं. फक्त ती एवढंच म्हणाली, "जड आहे हो."

"ऐतिहासिक आहे," धाकटा म्हणाला.

आता थोरल्यांच्या कामाबद्दल थोडं. थोरले रंगमंचाच्या खाली, झडपेच्या चाकाशी बसत. ऑपेरा असो की नाटक, त्यांची बैठक तीच. तिथून त्यांना माणूस दिसत नसे. फळ्यांच्या फटीतून दिसे तो फक्त घेर. छत्तीस वर्षं ते घेरावरून काम करत होते. त्या दिवशी त्यांच्या कागदावर धाकट्याच्या अक्षरात 'लाओदिके' लिहिलेलं होतं. दुसऱ्या अंकात तुताऱ्या वाजल्या, रुपेरी काठ झडपेवर येऊन उभा राहिला. लाओदिके, रुपेरी काठ, तुताऱ्या. थोरल्यांनी कसलीही शंका न घेता चाक फिरवलं.

वर त्या क्षणी राणी राजाला पेला देत होती. तिने हात पुढे केला, राजाने हात पुढे केला, आणि दोन हातांमधलं अंतर वाढू लागलं. राणी खाली चालली होती. अतिशय संथपणे, शिशाच्या गोळ्यांमुळे कुठेही घेर न फुगता, मावशींनी योजलं होतं तशी अब्रूने. ती थोर गायिका होती. गुडघे गेले, कंबर गेली, तरी सूर हलला नाही. खांद्यापर्यंत जमिनीत गेल्यावर तिने पेला फळीवर ठेवला आणि राजाकडे सरकवला. मग तीही दिसेनाशी झाली, पण गाणं खालून चालूच राहिलं, जरा घुमत. राजाने बसून पेला घेतला. त्याला दुसरं काही सुचलं नाही. तो प्यायला आणि मेला.

प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. खाली गायिकेने गाणं संपवलं आणि मग थोरल्यांना जे ऐकवलं ते कुठल्याही ऑपेरात नव्हतं.

"मी काय चुकलो?" थोरले नंतर धाकट्याला विचारत होते. त्यांचे कान लाल होते. "जांभळी आली म्हणजे खाली घ्यायची. गेली एकवीस वर्षं घेतोय."

"कागदावर लिहिलेलं होतं ना, ऑपेरा म्हणून?"

"कागदावर लाओदिके होतं. तूच लिहिलंस."

या वाक्याचा जो उघड अर्थ होता तो धाकट्याला तेव्हाच कळायला हवा होता. पण व्यवस्थापकसाहेबांनी सकाळी झडप नादुरुस्त असल्याचा अहवाल तयार करून टाकला होता, आणि झडपेवर खापर फुटत असताना आपण डोकं पुढे करू नये एवढं व्यवहारज्ञान धाकट्याकडे आलेलं होतं. महिनाअखेर पाच दिवसांवर होती. जांभळ्याची कडी निसटून कापड फाटलं होतं, तो शिवायला ठेवला. शनिवारी क्रमाने हिरवा गेला.

नाटकातली राजकन्या तिसऱ्या अंकात ठरल्या जागी आली. शहर जळत होतं. तिने हात पसरून धरणीला पोटात घेण्याची विनंती केली. खाली थोरले फटीतून बघत बसले होते. वर हिरवा, सुती, साधा काठ. काल हात पोळलेला माणूस, आज परक्या घेराला कशाला हात लावतोय? राजकन्येने पुन्हा विनंती केली. तिसऱ्यांदा तिने टाच आपटली. शेवटी ती म्हणाली, "तुझीही इच्छा नाही तर," आणि बाजूच्या दाराने चालत निघून गेली. ट्रॉयचे सैनिक तिला वाट देण्यासाठी बाजूला झाले. पडद्याआड उभ्या धाकट्याला वाटलं, धरणी आपल्याला पोटात घेईल तर बरं. पण थोरले त्या दिवशी कुणालाच घ्यायला तयार नव्हते.

रविवारचं फार सांगण्यासारखं नाही. वस्तुसंग्रहालयात लाल पोशाख काचेबाहेर, पुतळ्याला घालून उभा होता. खाली पाटी: 'दानशूर राणी. गरीब मुलींच्या विवाहासाठी हिने धान्य दिले.' उद्घाटनाला आलेल्या एका अधिकाऱ्याच्या बाईसाहेबांनी कापडाचा पोत बघायला हात लावला, हात आतल्या खिशात गेला आणि बाहेर आला तो कुपी घेऊन. कुपीवर मावशींच्या ठसठशीत अक्षरात 'विष' लिहिलेलं होतं. त्यांनी पाटी पुन्हा वाचली. मग नवऱ्याला म्हणाल्या, "म्हणजे लग्नानंतरचीही सोय."

सोमवारी मावशी आल्या. त्यांनी खोलीच्या दारात उभं राहून सरळ रांगांकडे बघितलं, पिशवी खाली ठेवली आणि चष्मा पुसला. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"चिठ्ठ्या कुठे आहेत?"

धाकट्याने लिफाफा पुढे केला. त्यांनी 'मते' हा शब्द वाचला. "बरं केलंस, ठेवल्यास. सुई घे."

"मावशी, तीन दिवसांनी माझं कायमचं पत्र आहे."

"मग तीन दिवस आहेत. शिव."

त्या एकेक पोशाख हातात घेऊन वास घेत, शिवण चाचपत आणि चिठ्ठी त्याच्या हातात देत. तो टाके घाली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच्या बोटांना चार ठिकाणी सुई लागलेली होती आणि त्याला एक गोष्ट दिसली जी चार महिने मोजून दिसली नव्हती. मावशींच्या प्रत्येक चिठ्ठीवर नेमकी तीच माहिती होती जिच्यामुळे एक पोशाख दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येतो. त्याच्या नमुना सात-बमध्ये नेमकी तीच नव्हती. प्रयोगशाळेत एखाद्याने सगळ्या बाटल्यांवर 'पांढरी भुकटी' असं लिहून ठेवलं असतं तर त्याने त्या माणसाला शिकवायला कमी केलं नसतं.

"नाव एकच असलं म्हणून काय झालं," मावशी दोरा तोडत म्हणाल्या. त्यांनी त्याचा कामाचा निळा डगला खुंटीवरून काढला, गळपट्टीला आतून काहीतरी शिवलं आणि त्याच्या अंगावर टाकला. त्याने उलटून वाचलं. 'चुकणारा. पहिला अंक.'

थोरले तेवढ्यात चहाला आले होते. त्यांनाही चिठ्ठी हवी झाली. त्यांच्या डगल्यात 'झडप उघडणारा. शेवटचा अंक' असं लागलं, कारण गुरुवारी ते निवृत्त होणार होते.

त्याच गुरुवारी धाकट्याचे सहा महिने पूर्ण होत होते. दोन्ही पत्रं मुख्य कार्यालयातून आली होती आणि व्यवस्थापकसाहेबांनी दोन्ही समारंभ एकत्र ठेवले होते. वडिलांनी पहिल्या रांगेत चार खुर्च्या धरल्या: स्वतः, आई, समोरच्या काकू आणि पोस्टमास्तर. धाकट्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

साहेबांनी पाकीट फोडलं आणि धाकट्याचं पूर्ण नाव वाचलं. तो उठला. वडिलांनी टाळ्या सुरू केल्या.

"छत्तीस वर्षांच्या निष्कलंक सेवेनंतर," साहेबांनी पुढे वाचलं, आणि थांबले. पुन्हा वाचलं. मग धाकट्याच्या तेवीस वर्षांच्या चेहऱ्याकडे बघितलं. "आपण वयोमानानुसार आजपासून सेवानिवृत्त होत आहात." त्यांनी आवाज खाली आणला. "वरून आलंय."

वडील अजून टाळ्या वाजवत होते. आईने त्यांची बाही ओढली.

दुसरं पाकीट थोरल्यांना मिळालं. गेल्या सहा महिन्यांतल्या त्यांच्या यादीच्या कामावर कार्यालय समाधानी होतं आणि त्यांना सेवेत कायम करण्यात आलं होतं. थोरल्यांनी ते दोनदा वाचून घेतलं. "म्हणजे आणखी छत्तीस?" त्यांनी विचारलं. "गुडघ्यांना विचारून सांगतो."

झालं होतं ते सरळ होतं. सेवापुस्तकांना नवी पद्धत लावली होती. एक नाव, एक क्रमांक. दोन पुस्तकं एकत्र केली, त्यातून निघणारी दोन पत्रं एकाच क्रमांकावर काढली आणि ज्याच्या हातात जे पाकीट आधी आलं ते त्याचं.

धाकट्याला भिंतीवरचं घड्याळ भेट मिळालं. घरी जाताना बसमध्ये ते त्याच्या मांडीवर टिकटिकत होतं.

"आमच्या खात्यात," पोस्टमास्तर म्हणाले, "आधी नोकरी असायची, मग निवृत्ती. पण काळ बदलला."

"मुलीकडच्यांना काय सांगू?" काकूंनी विचारलं. "निवृत्त म्हटलं की वय विचारतील."

वडील खिडकीबाहेर बघत होते. ते एकदाही खोकले नाहीत. धाकट्याला ते सगळ्यात जास्त लागलं.

त्याने अर्ज केला. अर्ज परत आला: निवृत्त कर्मचाऱ्यास सेवाविषयक अर्ज करता येत नाही, कार्यरत कर्मचाऱ्याने करावा. मग कार्यरत कर्मचारी म्हणून थोरल्यांनी अर्ज केला. सही तीच, नाव तेच. कार्यालयाने कळवलं की आपला याच विषयावरचा अर्ज यापूर्वीच फेटाळला आहे. त्या पत्रात एक ओळ आशेची होती. एका नोंदीच्या दोन करायच्या असतील तर तपासनीस प्रत्यक्ष पाहणी करतील.

तपासनीस सातव्या आठवड्यात आले. बारीक, थकलेले गृहस्थ. त्यांनी कपडेपटाच्या खोलीत दोघांना शेजारी उभं केलं आणि फॉर्म काढला.

"दोन इसम आहेत हे दिसतंय," ते म्हणाले. "पण दिसणं हा रकाना नाही. फरक लिहायचा आहे. एका ओळीत."

"मी झडप उघडतो, हा यादी करतो," थोरले म्हणाले.

"ते काम झालं. काम बदलतं. जन्मतारीख नको, तिचा रकाना वेगळा आहे आणि तो भरलेला आहे. नोंद कायमची राहील असा काही लेखी फरक आहे का, कुठे लिहिलेला?"

मावशी कोपऱ्यात इस्त्री करत होत्या. त्यांनी इस्त्री उभी ठेवली, दोघांच्या मागे गेल्या आणि दोन्ही डगल्यांच्या गळपट्ट्या उलट्या केल्या.

तपासनिसांनी चष्मा वर करून वाचलं. दोन्हीकडे शिवण पक्की आहे याची बोटाने खात्री केली. बऱ्याच वर्षांत त्यांना एवढी स्पष्ट नोंद मिळाली नसावी, कारण ते जवळजवळ हसले. मग त्यांनी शब्द न शब्द फॉर्ममध्ये उतरवून घेतला.

महिन्याभराने थोरले निवृत्त झाले आणि घड्याळ त्यांच्या घरी गेलं. धाकट्याचं पत्र रजिस्टर टपालाने आलं. तो कायम झाला होता. मात्र यापुढे सर्व कागदोपत्री त्याच्या नावापुढे ओळखीचा तपशील येणार होता, आणि तो पहिल्याच ओळीत, ठळक टाइपात आलेला होता: चुकणारा, पहिला अंक. खाली टीप होती. तपशिलात बदल हवा असल्यास नवीन नोंद मानली जाईल व जुनी दुबार ठरेल.

धाकट्याने बदल मागितला नाही. तो एव्हाना शहाणा झाला होता, आणि शिवाय माहिती अचूक होती.

वडिलांनी पत्राला चौकट करून घेतली आणि दिवाणखान्यात लावली. चौकटवाल्याला सांगून त्यांनी उजवीकडची लाकडी पट्टी अंमळ रुंद बसवून घेतली, म्हणजे पहिल्या ओळीतलं नाव दिसे आणि पुढचं झाकलं जाई. पोस्टमास्तर मुद्दाम बघायला आले. त्यांनी पत्र वाचलं, मान हलवली, मग खुर्ची पुढे ओढून तिच्यावर चढले आणि पट्टी व काच यांच्यामधल्या फटीत एक डोळा लावला. तिथली ठळक अक्षरं त्यांनी पुटपुटत वाचली.

"पहिलाच अंक आहे," वडील खालून म्हणाले, आणि खोकले.